आजीचा पितळी बिल्ला आणि खाणीत 'खाली' गेलेल्या बायका

लालपेठची_लेक (धागाकर्ती)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर चंद्रपूरचं, खाणकामगारांचं. आजोबा खाणीत, बाबा खाणीत, दोन्ही काका खाणीत. बाबांना जाऊन वर्ष झालं म्हणून भावाने आणि मी त्यांची लोखंडी पेटी उघडली. आत भविष्यनिधीच्या पावत्या, कमरेचा जुना चामडी पट्टा, बक्षीस मिळालेलं घड्याळ, आणि तळाशी आजीच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक पितळी बिल्ला. जुन्या रुपयाहून जरा मोठा, वर भोक, मध्ये २१७ हा आकडा. आकड्याच्या वर काही अक्षरं आहेत, पण ती इतकी झिजली आहेत की बोटाला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

आजी २००३ मध्ये गेली, पंचाहत्तर-शहात्तर वर्षांची होऊन. ती नेहमी म्हणायची, "मी खाली गेल्ती, तुमच्या बापाच्या आधी." बाबा हसायचे. म्हणायचे, बायकांना कोण खाली नेतं, ती वर कोळसा निवडायला होती. आजी वाद घालायची नाही. एवढंच म्हणायची, "साहेबानं खाली धाडलं, साहेबानंच वर आणलं." आम्ही समजायचो, गोरा मॅनेजर असेल कुणीतरी.

आता विचारायला दोघंही नाहीत. तेव्हा इथे विचारते. आजी खरंच खाणीत उतरली असेल का? आणि हा बिल्ला कशाचा? खाणींच्या वसाहतीत वाढलेलं, काम केलेलं कुणी असेल तर त्यांच्याही आठवणी वाचायला आवडतील. आमच्याकडे शेतकऱ्यांचा इतिहास आहे, गिरणी कामगारांचा आहे, आमचा फारसा कुणी लिहिलेला दिसत नाही.

इतिहासवेडा

चांगला धागा. आधी सरळ उत्तर देतो: हो, बायका खाली जात होत्या, आणि मोठ्या संख्येने.

आपल्याकडे दगडी कोळसा व्यापारासाठी काढायला सुरुवात झाली ती १७७४ मध्ये, बंगालात राणीगंजला. नंतर झरियाचा (आजच्या झारखंडातला) कोळसापट्टा आला, रेल्वे आली, आणि मजूर म्हणून आसपासची संथाळ, बाउरी अशी कुटुंबंच्या कुटुंबं खाणीत उतरली. नवरा कुदळीने कोळसा फोडायचा, बायको टोपलीत भरून टबापर्यंत, म्हणजे रुळांवरच्या कोळशाच्या डब्यापर्यंत, न्यायची. तिकडे तिला 'कामिन' म्हणत आणि कोळसा फोडणाऱ्याला 'मलकट्टा'. मजुरी टबावर, म्हणजे जोडीने जेवढे टब भरतील तेवढे पैसे. तान्ही मुलंसुद्धा बरोबर खाली असायची.

१९२९ मध्ये नियम झाला की बायकांचं भुयारातलं काम दरवर्षी थोडं थोडं कमी करत बंद करायचं. १९३७ मध्ये ते पूर्ण बंद झालं.

आता अडचण अशी की तुमच्या आजींचा जन्म १९२७-२८ चा धरला, तर १९३७ मध्ये त्या दहा वर्षांच्या. तारखा जुळत नाहीत. तुमच्या वडिलांचं बरोबर असावं असं वाटतं.

चहाबिस्किट

वाचतोय. खूण म्हणून प्रतिसाद.

निवृत्त_ओव्हरमन

१९७१ साली मालकाच्या राज्यात, म्हणजे खाणी खासगी असताना, लोडर (टब भरणारा) म्हणून लागलो, परीक्षा देत देत ओव्हरमन (भुयारातल्या कामावरचा पर्यवेक्षक) झालो, २०१० ला निवृत्त. वर्धा खोऱ्यातल्या पाच खाणी पाहिल्या. तेव्हा बिल्ल्याबद्दल माझ्याकडून.

पितळी बिल्ले दोन-तीन कामांना वापरत. एक लँप रूमचा. तुम्ही बिल्ला दिला की त्या नंबरचा दिवा मिळायचा, वर आल्यावर दिवा द्यायचा आणि बिल्ला परत घ्यायचा. पाळी संपली आणि एखादा बिल्ला खिळ्यावर तसाच लटकत राहिला, तर एक माणूस अजून खाली आहे हे कळायचं. दुसरा हाजरीचा. तिसरा टबाचा, कुणाचा टब ते कळायला.

ताईंच्या आजीच्या काळात मात्र जिथे गॅस नाही अशा बऱ्याच खाणींत उघडी ढिबरीच चालायची, रॉकेलची. त्यामुळे लँपचा असेलच असं नाही. हाजरीचा किंवा टबाचा असावा. वर कोळसा निवडणाऱ्यांनाही हाजरीचे बिल्ले असू शकतात. तेव्हा नुसत्या बिल्ल्यावरून खाली की वर ते ठरणार नाही.

वरोरेकर

थोडं अवांतर, पण राहवत नाही.

वरोरा म्हटलं की सगळे आनंदवन म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण बाबा आमटे तिथे येण्याच्या कितीतरी आधी वरोरा हे कोळशाचं गाव होतं. १८७० च्या दशकात सरकारने तिथे खाण सुरू केली, आणि त्या कोळशासाठीच वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा टाकला. आज दिल्ली-चेन्नईच्या गाड्या ज्या मार्गाने धडधडत जातात, त्याच्या या तुकड्याचं मूळ एका खाणीत आहे. १९०६ च्या सुमारास ती खाण बंद पडली आणि कामाचा भर बल्लारपूर-चांद्याकडे (चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर) सरकला. त्या खाणीत कोण उतरलं, त्यांची घरं कुठे होती, खाण बंद झाल्यावर ती माणसं कुठे गेली, हे सांगणारा एकही फलक गावात मी पाहिलेला नाही. रेल्वे राहिली, तिच्यामागची माणसं पुसली गेली.

मीनल_परासिया

@लालपेठची_लेक, तुमची पोस्ट वाचून घशाशी आलं.

मी पेंच खोऱ्यातली, परासियाजवळ वाढले. आता मध्य प्रदेशात आहे, पण पूर्वी सगळा मध्य प्रांत एकच. घरी मराठी, शेजारी गोंडी आणि छत्तीसगढी, शाळेत हिंदी, आणि वसाहतीतल्या भांडणांत या सगळ्यांची खिचडी.

माझ्या लहानपणाची सगळ्यात ठळक आठवण भोंग्याची आहे. पाळीचा भोंगा ठरल्या वेळी वाजला की कुणी मान वर करायचं नाही. अवेळी वाजला की सगळ्या गल्लीतल्या बायका हातातलं टाकून दारात. कुणी रडायचं नाही, बोलायचंही नाही, नुसतं खाणीच्या दिशेने बघत उभं राहायचं. आई मला एका हाताने घट्ट धरून ठेवायची आणि दुसऱ्या हातात पोळी लाटताना भरलेलं पीठ तसंच. कुणीतरी सायकलवरून येऊन "कोळशाचा पट्टा तुटला, माणसं ठीक" असं ओरडलं की मग सगळ्या एकदम बोलायला लागायच्या.

याला कारण होतं. १० डिसेंबर १९५४ ला आमच्याकडे न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरलं. साठाहून जास्त माणसं गेली. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण माझ्या आजीच्या पिढीत कुठलीही गोष्ट 'चिखलीच्या आधी' आणि 'चिखलीच्या नंतर' अशी मोजली जायची.

आणि एक गंमत. पाळी सुटली की सगळे बाप सारखेच दिसायचे. काळे चेहरे, पांढरे डोळे. मी एकदा भलत्याच काकांचं बोट धरून अर्ध्या वाटेपर्यंत आले होते. ते बिचारे काही न बोलता मला आमच्या दारापर्यंत सोडून गेले.

निवृत्त_ओव्हरमन

@मीनल_परासिया, पाण्याचं लिहिलंत म्हणून सांगतो. नव्या माणसाला वाटतं खाणीत सगळ्यात भीती छत पडण्याची. ती आहेच, रोजची आहे. पण एकाच वेळी शेकडो माणसं नेतं ते पाणी आणि गॅस.

शेजारी जुनी सोडलेली खाण असते, ती पाण्याने भरलेली. मध्ये कोळशाची भिंत. नकाशा चुकीचा असला, किंवा मालकाने चोरून जास्त कोळसा काढून नकाशात दाखवलाच नसला, तर भिंत कागदावर जाड आणि प्रत्यक्षात पातळ. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाळ्याला हेच झालं, साडेतीनशेहून जास्त माणसं. आणि त्याच्या सव्वा महिना आधी, १८ नोव्हेंबरला, आपल्या नागपूरजवळच्या सिलेवाड्यात पाणी घुसून १० जण गेले. चासनाळा देशाला माहीत आहे. सिलेवाडा नागपुरातसुद्धा माहीत नाही.

पाणी साठलेल्या जागेच्या ६० मीटरच्या आत काम न्यायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते, पुढे भोकं पाडत पाडत जावं लागतं. हा नियम आम्हाला पाठ होता. अशा कलमांमागे गेलेली माणसं असतात.

छताचं विचाराल तर त्याचा अंदाज कानाने घ्यायचा. हातातल्या काठीने छत ठोकायचं. 'ठण' असा खणखणीत आवाज आला तर छत बसलेलं आहे. 'भद' असा पोकळ आला तर थर सुटलाय, मागे सरा. माझ्या पहिल्या सरदाराने (खाणीतल्या मुकादमाने) मला पंधरा दिवस दुसरं काही शिकवलं नाही, नुसतं ठोक आणि ऐक. लाकडाचे टेकू असायचे तेव्हा लाकूडही बोलायचं. भार आला की आधी कुरकुर, मग करकर. नंतर लोखंड आलं, छतात बोल्ट आले. ते मजबूत खरे, पण लाकडासारखी आगाऊ सूचना देत नाहीत. निवृत्तीपर्यंत माझा कान त्या करकरीकडेच असायचा.

स्पष्ट_बोलतो

सगळ्यांचा आदर राखून एक वेगळं मत. या आठवणींत मालक वाईट आणि सरकार आलं की सुख, असा सूर यायला लागतो. राष्ट्रीयीकरणानंतर जे झालं तेही लिहा. हाजरी लावून घरी जाणारे, नोकरी विकणारे, युनियनच्या नावाखाली दादागिरी. मी चंद्रपुरात दुकान चालवलं आहे, पगाराच्या दिवशी दुकानाबाहेर सावकार उभे असायचे हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

निवृत्त_ओव्हरमन

@स्पष्ट_बोलतो, तुम्ही लिहिलंत ते घडत होतं. खोटं बोलणार नाही. पण मी दोन्ही राज्यं पाहिली आहेत, म्हणून आधीचं सांगतो.

१९७१ साली माझं नाव खाणीच्या हजेरीपटावर नव्हतंच, ठेकेदाराच्या वहीत होतं. भविष्यनिधी कापला जायचा, भरला जायचा नाही. भरलेल्या टबात हाताने चाचपून "कमी भरलाय" म्हणत आठातले दोन टब मारायचे. बोललं तर ठेकेदाराचे पहिलवान. राहायला ओळीने खोल्या, एका खोलीत दोन पाळ्यांची माणसं, एक उठला की दुसरा त्याच जागी झोपायचा. जखमी झाला तर गाडीभाडं देऊन गावाला रवाना.

जानेवारी १९७३ च्या शेवटी सरकारने आमच्यासारख्या खाणींचा ताबा घेतला, १ मे १९७३ ला राष्ट्रीयीकरण झालं. झरियाकडच्या कोकिंग कोळशाच्या (पोलादासाठी लागणाऱ्या) खाणी त्याच्या वर्षभर आधीच सरकारकडे गेल्या होत्या. १९७५ पासून पहिला राष्ट्रीय वेतन करार लागू झाला. त्याच वर्षी कोल इंडिया, आणि नागपूरला मुख्यालय असलेली आपली वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स). माझा पगार एका उडीत इतका वाढला की आईला वाटलं मी कुठे चोरी केली. ती नोटा घेऊन शेजारच्या मास्तरांकडे गेली होती खात्री करायला.

सावकार होते, आणि दारूही होती. जो माणूस रोज सकाळी परत येण्याची खात्री नसताना घर सोडतो, त्याच्या हातात पहिल्यांदाच पैसा आला होता. मी समर्थन करत नाही. पण ते मालकांच्या राज्याहून वाईट होतं, असं कुणी म्हणू नये.

गोंडवन

इतका वेळ नुसता वाचत होतो. आता लिहितो, कारण या धाग्यात एक माणूस अजून आलेला नाही. ज्याच्या जमिनीखाली कोळसा निघाला, तो.

माझं गाव वणीकडचं. नाव सांगून उपयोग नाही, ते आता खड्ड्यात आहे. खुली खाण आली. आमचं पावणेदोन एकर. दोन एकरांमागे एक नोकरी, हा हिशेब. मग शेजारच्याचा पाव एकर जोडून घ्यायचा, नोकरी कुणाच्या नावावर यावर भावाभावांत कोर्ट, आणि तोवर शेतात यंत्रं उतरलेली. माझ्या थोरल्या भावाला नोकरी मिळाली. धाकट्या दोघांना काही नाही. सणाला आम्ही एका ताटात जेवणारे भाऊ, नंतर सणाला भेटेनासे झालो. घराच्या भिंतींना सुरुंगांनी भेगा, विहिरीचं पाणी खाली गेलेलं, आणि गावाच्या तिन्ही बाजूंना मातीचे डोंगर. आमच्या लेकरांना तेच डोंगर खरे वाटतात.

भुयारी खाणीत शेत निदान वर राहायचं. खुल्या खाणीत शेतच राहत नाही. तुम्हाला वसाहत आठवते, भोंगा आठवतो. आमची मोहाची झाडं त्याच वसाहतीखाली गेली. राग तुमच्यावर नाही. पण इतिहास लिहायचा तर हेही त्यातच लिहा.

मीनल_परासिया

@गोंडवन, लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या वसाहतीच्या पाणवठ्याजवळ एक देवाची जागा होती, गोंडांची. दरवर्षी काही माणसं दूरवरून येऊन पूजा करून जायची. ती कुठून येतात, असं आम्ही मुलांनी कधी विचारलंही नाही. ती त्या जागेवरून गेलेली माणसं होती, हे आत्ता तुमचा प्रतिसाद वाचताना डोक्यात आलं.

चहाबिस्किट

खूण म्हणून आलो होतो, आता जागचा हलत नाही. प्रतिसाद येऊ द्या.

कार्डिफकर

मी वेल्समध्ये राहतो, इथली खोरी एकेकाळी सगळी कोळशाची. ब्लेनाव्हॉनला 'बिग पिट' नावाची खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ पासून ती संग्रहालय आहे. खरोखरच्या पिंजऱ्यातून ९० मीटर खाली नेतात. उतरण्याआधी घड्याळ, मोबाइल, बॅटरी असलेली प्रत्येक वस्तू काढून घेतात, आणि डोक्याला दिवा देतात. वाट दाखवणारे जुने खाणकामगारच असतात. खाली एका ठिकाणी सगळ्यांना दिवे बंद करायला सांगतात. तसा अंधार मी आयुष्यात पाहिला नव्हता. तिथे लहान मुलं दारं उघडायला तासन् तास बसायची. १८४२ च्या कायद्याने बायका, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाली पाठवणं बंद झालं.

ॲबरफॅन गावालाही गेलो. २१ ऑक्टोबर १९६६, खाणीच्या ढिगाऱ्याचा डोंगर पावसाने सरकून शाळेवर आला. १४४ माणसं, त्यांत ११६ मुलं. गोंडवन यांचं 'मातीचे डोंगर' वाचलं आणि तेच आठवलं.

सांगायचं हे की इथे प्रत्येक गावाने आपली नावं दगडावर कोरून ठेवली आहेत. वरोरेकर म्हणतात तशी पाटीसुद्धा नाही अशी गत इथे नाही. आपल्याकडे चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात एखादी बंद भुयारी खाण अशी जपता आली असती.

निवृत्त_ओव्हरमन

बंद खाणीत पंप बंद झाला की पाणी भरतं. जपायची तर चालू असतानाच ठरवावं लागतं. आता बहुतेक उत्पादन खुल्या खाणींचं, भुयारी एकेक करून मिटत आहेत. एकेकाळी कोल इंडियाचे कामगार साडेसहा लाखांच्या घरात होते, आज सव्वादोन लाखांच्या आसपास. बाकीचं काम ठेकेदाराची पोरं करतात. वहीतलं नाव पुन्हा ठेकेदाराच्या वहीत गेलं. माझ्या नातवाच्या वयाची मुलं आहेत ती.

वरोरेकर

राजुऱ्याकडच्या सास्तीच्या खाणीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? तेव्हा वर्धा नदीच्या अलीकडे बल्लारपूर इंग्रजांचं, पलीकडे राजुरा निजामाचं. कोळशाचा थर मात्र नदीखालून सलग. म्हणून तिकडच्या जुन्या वस्त्यांत तेलुगू आणि उर्दू अजून ऐकू येते, भाद्रपद-आश्विनात तेलंगणातल्या बतुकम्मा सणाची फुलं रचतात, आणि चैत्रात महाकालीच्या जत्रेला तीच माणसं चांद्याला येतात.

कायद्याचं_बोला

दोन दिवस प्रवासात होतो, धागा आत्ता सलग वाचला. इतिहासवेडा यांनी १९३७ ला थांबून घाई केली आहे.

बंदी १९३७ ला आली हे खरं. पण दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली. लष्करी बांधकामांवर जास्त मजुरी मिळत असल्याने माणसं खाणी सोडून तिकडे गेली. म्हणून सरकारने ही बंदी तात्पुरती उठवली. कधी? ऑगस्ट १९४३ मध्ये, आणि सगळ्यात आधी कुठे? मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. बंगाल-बिहारला ती सवलत त्यानंतर काही महिन्यांनी मिळाली. बंदी पुन्हा लागू झाली फेब्रुवारी १९४६ मध्ये.

म्हणजे ऑगस्ट १९४३ ते जानेवारी १९४६, ही अडीच वर्षं चांद्याच्या खाणींत बायका कायद्याने खाली जाऊ शकत होत्या. धागाकर्तीच्या आजी तेव्हा सोळा ते अठरा वर्षांच्या.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं, जुलै १९४२ पासून. बंदी उठवण्याचा निर्णय त्यांच्या खात्याचा. १९४४ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर कडक टीका झाली, आणि उत्तर त्यांनी दिलं. हा उपाय युद्धापुरता आहे, आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, हे त्यांनी ठासून सांगितलं. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादला जाऊन खाणीत उतरले होते, मजुरांची घरं पाहिली होती. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला, कोळशावर उपकर बसवून दवाखाने, पाणी, घरं यांसाठी पैसा. खाणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या कायद्यातली दुरुस्तीही त्यांच्याच काळातली. आणि १९४६ ला बंदी परत आली तेव्हाही मजूर खातं त्यांच्याकडेच होतं.

"साहेबानं खाली धाडलं, साहेबानंच वर आणलं." ताई, तुमच्या आजी कोणत्या साहेबांबद्दल बोलत होत्या?

इतिहासवेडा

माझी चूक मान्य. मध्य प्रांत पहिला होता हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. ताई, वडिलांचं बरोबर असावं हे माझं वाक्य मागे घेतो.

स्पष्ट_बोलतो

माहिती उत्तम. पण बंदी उठवणं चूकच होतं असं मला वाटतं. सोळा वर्षांच्या मुलीला भुयारात पाठवायचं आणि समान मजुरीचं समाधान मानायचं? तेव्हाच्या महिला संघटनांनीही विरोध केला होता.

मीनल_परासिया

@स्पष्ट_बोलतो, १९३७ च्या बंदीनंतर त्या बायकांचं काय झालं हेही बघायला हवं. जोडीने टब भरणाऱ्या घराची अर्धी मजुरी एका दिवसात गेली. खाली जाणं बंद झालं, पर्यायी काम कुणी दिलं नाही. माझी पणजी म्हणायची की अंधाराची भीती गेली आणि चुलीची आली. मला वाटतं, बायकांना खाली पाठवण्यात पाप नव्हतं. खाली जागा सुरक्षित न करता पाठवण्यात होतं, पुरुषांना पाठवण्यातही. २०१९ मध्ये कायद्याने पुन्हा वाट मोकळी केली, आता मुली खाण अभियंता म्हणून खाली उतरतात. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट आहे, हातात शिक्षण आहे.

स्पष्ट_बोलतो

हा मुद्दा पटला. विचार करायला लागेल.

निवृत्त_ओव्हरमन

'साहेब' शब्दावर फार भार देऊ नका, एवढं सांगतो. आमच्याकडे मॅनेजरही साहेब, सर्व्हेअरही साहेब. खाणीतल्या पोरीला दिल्लीतलं मंत्रिमंडळ माहीत असेल का?

लालपेठची_लेक

चार वेळा लिहून खोडलं. आता लिहिते.

ओव्हरमनकाका, तुमची शंका बरोबर आहे. तेव्हा माहीत नसेलही. पण १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब नागपूरनंतर चांद्याला दीक्षा द्यायला आले, त्या गर्दीत आजी होती. पाठीला बाबांना बांधून गेली होती. त्या दिवसाबद्दल ती पुष्कळ सांगायची, दिव्यांबद्दल, पांढऱ्या लुगड्याबद्दल. खाणीबद्दलचं तिचं ते एक वाक्य त्या गोष्टीच्या शेवटी यायचं. आम्हाला वाटायचं म्हातारी विषय सोडून बोलते. कुणी तिला नंतर सांगितलं असेल, की तो निर्णय कुणाचा होता. किंवा तिचं तिने जोडलं असेल. मला आता कळायचा मार्ग नाही.

पण दुसरं एक आहे. काका, तुम्ही छताला काठीने ठोकायचं लिहिलंत ना, ते वाचून मी रात्री आत्याला फोन केला. १९८१ मध्ये आम्हाला नवं क्वार्टर मिळालं. सामान टेम्पोतच होतं. आजी आधी आत गेली आणि कुणाच्या तरी छत्रीची काठी घेऊन प्रत्येक खोलीचं छत ठोकत फिरली. ठोकायची, मान तिरपी करून ऐकायची, दोन पावलं पुढे. आम्ही मुलं तिच्या मागे हसत हसत तेच करत होतो. बाबा ओरडले, "आई, सिमेंटचं आहे ते!" ती म्हणाली, "असू दे." सगळ्या खोल्या झाल्यावर मग म्हणाली, आणा सामान.

आत्या म्हणते, ती प्रत्येक नव्या घरात असं करायची. लेकीच्या सासरीसुद्धा.

निवृत्त_ओव्हरमन

ताई, मी माझं आधीचं मागे घेतो. वर कोळसा निवडणाऱ्या माणसाला ही सवय लागत नाही. ती खाली होती. आणि कुण्या चांगल्या सरदाराच्या हाताखाली होती.

मान तिरपी करून ऐकायची म्हणालात. तसंच ऐकतात.

गोंडवन

माझ्याकडून आजीला जोहार.

कायद्याचं_बोला

खाण निरीक्षकांच्या त्या काळच्या वार्षिक अहवालांत खाली आणि वर काम करणाऱ्या बायकांचे वेगळे आकडे असतात. नागपूरच्या अभिलेखागारात मध्य प्रांताचे मजूर खात्याचे कागद चाळता येतील. नाव मिळणं कठीण, पण खाण कोणती ते बिल्ल्यावरून ठरलं तर शोध सोपा होईल. मी पुढच्या महिन्यात नागपूरला आहे, माझ्याबरोबर येणार असाल तर सांगा.

लालपेठची_लेक

येते. भावालाही आणते. बिल्ला आज जरा स्वच्छ करते आणि फोटो टाकते.

निवृत्त_ओव्हरमन

चिंचेने घासू नका! राखेनेही नको. उरलीसुरली अक्षरं जातील. वर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा, अक्षर उठेल. दोन्ही बाजूंचा फोटो टाका. मी जागा आहे.